मांजर ‘सोडून आलो’ म्हणणाऱ्यांना

‘पोत्यात घाला आणि लांब सोडून या. मांजर काय, कुठंही जगतं!’ दारी येणाऱ्या मांजराचा विषय निघाला की हा सल्ला ठरलेला. वाण्याकडे ऐकला, सोसायटीच्या बैठकीत ऐकला, शिकल्यासवरल्या नातेवाइकांकडून तर नेहमीच ऐकते. वर दाखला असतो, मांजर सात घरं फिरतं म्हणून.

सात घरं फिरवते ती व्यालेली मांजरी, आपल्या पिल्लांना. माणसांची वर्दळ वाढली, बोका फिरकला की ती एकेकाला मानेला धरून हलवते. पण कुठे? आमच्या जिन्याखालची करडी मांजरी पिल्लं घेऊन मीटरच्या खोलीतून टाकीमागे गेली, तिथून गॅरेजच्या पत्र्याखाली. सगळं एकाच आवारात. मांजर हद्द धरून राहतं. पाणी कुठे मिळतं, कुत्री कोणत्या वाटेनं येतात, मासळीचं डोकं कुणाच्या दारात पडतं, हे त्याला पाठ असतं. परक्या जागी यातलं काहीच कामी येत नाही. तिथली मांजरं हुसकावतात, कुत्री मागे लागतात, घराची वाट शोधताना ते गाडीखाली येतं.

गेल्या पावसाळ्यात शेजारच्या इमारतीतली एक मांजरी अशीच पोत्यातून गेली. दुसऱ्या दिवशी अडगळीतल्या कपाटामागून बारीक ओरडणं ऐकू आलं. तीन पिल्लं, डोळेही न उघडलेली. एकच वाचलं. पोत्यात कोंबताना तिचे दुधानं भरलेले सड कुणालाच दिसले नाहीत?

उपाशी-तहानलेलं राहील अशा स्थितीत प्राण्याला टाकून देणं आणि हाल होतील अशा रीतीनं त्याला नेणं, दोन्ही 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम 11 नुसार गुन्हा आहे. आणि एवढं करून साधतं काय? उंदीर आणि उघडा कचरा जागेवरच असतो, त्यामुळे रिकाम्या जागी दुसरं मांजर येतं. मांजरी पाचेक महिन्यांची झाली की गाभण राहू शकते, साधारण 63 ते 65 दिवसांत विते आणि पिल्लं अंगावर पीत असतानाच पुन्हा गाभण राहू शकते. संख्या आटोक्यात ठेवायची तर नसबंदीच हवी. झालेली ओळखायची खूण म्हणजे कानाचं कापलेलं टोक.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. दूध बहुतेक मोठ्या मांजरांना पचत नाही, जुलाब होतात. पाणी ठेवा, सोबत बिनमिठाचं उकडलेलं चिकन. आजारी दिसलं म्हणून पॅरासिटामॉल चुकूनही देऊ नका, मांजराचा जीव जातो. प्रेमानं उचललं की रानटी मांजर माणसाळतं, हेही खरं नाही. माणसाची सवय लागते ती जन्मानंतरच्या पहिल्या सात-आठ आठवड्यांत. आणि रेबीज फक्त कुत्र्यामुळे होत नाही. मांजर चावलं किंवा बोचकारलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं 15 मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. हळद-चुना लावून बसू नका.

तुमच्या जिन्याखालच्या मांजरीला न्यायचंच असेल, तर महापालिकेला किंवा प्राण्यांचं काम करणाऱ्या संस्थेला कळवा. पिंजऱ्यातून न्या, नसबंदी करून घ्या. पिल्लं पीत असतील तर आधी ती खायला लागू द्या. आणि बरी झाली की तिला त्याच जिन्याखाली आणून सोडा.