मौनाचे अर्थ आणि संदेशांचा ताण

दोन व्यक्ती समोरासमोर बोलत असता प्रश्न व उत्तर यांमध्ये पडणारा अवकाश अत्यल्प असतो. दहा भाषांच्या एका तौलनिक अभ्यासात (२००९) तो सरासरीने सेकंदाच्या पाचव्या भागाइतका आढळला. होकार चटकन येतो, नकार मात्र रेंगाळत येतो, असेही संभाषणाच्या अभ्यासकांनी नोंदविले आहे. त्यामुळे विलंब ही नकाराची पूर्वसूचना मानण्याची सवय आपल्याला नकळत जडलेली असते.

पत्रव्यवहारात या सवयीचा उपद्रव फारसा नव्हता. टपालास दिवस लागत, आणि 'सवडीने उत्तर द्यावे' असे लिहिण्याचा प्रघातही होता. उत्तर न आल्यास पत्र गहाळ झाले असेल, माणूस गावी गेला असेल, अशी मनाची समजूत घालता येई. व्हॉट्सअ‍ॅपने २०१४ च्या नोव्हेंबरात वाचल्याची निळी खूण दाखविण्यास आरंभ केला आणि ही सवलत संपली. (ती खूण बंद ठेवता येते हे खरे, पण मग बंद का ठेवली, हा प्रश्न उरतोच.) माध्यम लेखनाचे आणि अपेक्षा संभाषणाची, असा हा संकर होय. यंत्रापुढे किती तास गेले याचीच मोजदाद करणाऱ्यांचे याकडे दुर्लक्ष होते, असे मला वाटते.

याचा प्रत्यय मला माझ्याच चुकीतून आला. एका संशोधक विद्यार्थ्याने प्रबंधातील एका प्रकरणाचा खर्डा रात्री मोबाइलवर पाठविला. मी तो प्रवासात चाळला, 'पाहिले.' एवढे लिहिले आणि चार दिवस विसरून गेलो. त्या चार दिवसांत त्याची झोप उडाली आणि त्याने सारे प्रकरण नव्याने लिहून काढले. वस्तुतः मूळ खर्डा मला आवडला होता! 'पाहिले' या क्रियापदात अभिप्राय नाही. बोलताना तो स्वरातून कळला असता. त्यातून पुढचा पूर्णविराम. एकशब्दी उत्तरापुढे पूर्णविराम आल्यास ते कमी मनःपूर्वक वाटते, असे बिंगहॅम्टन विद्यापीठातील अभ्यासकांना २०१५ मध्ये आढळले होते. तो अभ्यास इंग्रजीचा. पण माझ्या विद्यार्थ्याने तो मराठीत पडताळून दिला, असे म्हणावयास हरकत नाही. 'मला टेन्शन आले होते,' तो म्हणाला. मराठीत टेन्शन तापासारखे 'येते'. ते कोणी आणले, हे वाक्यात सांगावे लागत नाही.

आता मी लिहितो : 'वाचले. अभिप्राय सोमवारी सांगेन. तोवर फेरफार करू नये.' रात्री सुचलेली सूचनाही सकाळीच पाठवितो. कामाच्या वेळेबाहेर संपर्कमुक्त राहण्याचा हक्क फ्रान्सने २०१७ पासून कामगार कायद्यात आणला. मार्गदर्शक व विद्यार्थी यांच्यातील व्यवहारास असे कलम लागू करणे कठीण. त्यात मर्यादा घालण्याचा आरंभ मार्गदर्शकानेच करावयास हवा; विद्यार्थ्यास ते धाडस होत नाही.

अर्थात भाषाविचाराची धाव येथवरच. झोप आणि भूक आठवडेच्या आठवडे हरपली असेल, तर प्रश्न वैद्यकाचा होतो. 'टेलि-मानस' या शासकीय सेवेचा १४४१६ हा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून उपलब्ध असून तेथे मराठीतही बोलता येते. विभागाच्या सूचनाफलकावर तो लावण्याची विनंती मी केली आहे.

तो पहिला खर्डा माझ्या मोबाइलमध्ये शिल्लक होता. प्रबंधात अखेर तोच गेला.