पिशवीमागची बारीक अक्षरं

पुणे-सोलापूर महामार्गावरच्या आमच्या टेंभुर्णीत कुत्रं वाढतं ते ज्वारीच्या भाकरीवर आणि दुधावर. त्यात वावगं काही नाही. पण वाढत्या पिल्लाची प्रथिनांची गरज तेवढ्यावर भागत नाही. तयार कोरडं खाद्य घ्यावं, तर दुकानात दोन-तीनच प्रकार. मग निवडायचं कसं?

मी पिशवीवरच्या चित्राकडे पाहतच नाही. मागची बारीक अक्षरं वाचतो. घटक सहसा वजनाच्या उतरत्या क्रमानं छापतात. मका-गहू आधी आणि मांस शेवटी असेल, तर आपण पैसे कशाचे मोजतोय, ते कळतं. अमेरिकी निकषांनुसार ओलावा वगळून मोठ्या कुत्र्याच्या खाद्यात किमान १८, तर पिल्लाच्या खाद्यात २२.५ टक्के प्रथिनं हवीत.

पोत्यातून सुटं मिळणारं खाद्य स्वस्त पडतं. पण त्याची तारीख कळत नाही आणि सोलापुरी उन्हाळ्यात त्यातली चरबी लवकर खवट होते. त्यापेक्षा लहान, बंद पिशवी बरी. नवं खाद्य आठवडाभर जुन्यात थोडं थोडं मिसळत द्यावं.

पिशवी परवडत नसेल, तर भाकरीला उकडलेल्या अंड्याची जोड द्यावी. पिल्लाच्या कॅल्शियमचं पशुवैद्यांना विचारावं. कांदा-लसणाचं कालवण मात्र देऊ नये, ते कुत्र्याच्या रक्ताला बाधतं. मुक्या जिवाला पिशवी वाचता येत नाही. ते काम आपलंच.