पगाराची चिठ्ठी नसलेल्यांचे घर

भिवंडीत यंत्रमागावर उभ्या राहणाऱ्या कामगाराची मजुरी विणलेल्या कापडावर ठरते आणि बहुतेक वेळा रोख हातात पडते. घरकर्ज मागायला गेले की बँक पगाराची चिठ्ठी, आयकराचे विवरणपत्र आणि खात्याचा उतारा मागते. कमाई असते, पण कमाईचा कागद नसतो. धर्मादाय गृहनिर्माण संस्थांचे काम सुरू होते ते इथे. त्या घर फुकट वाटतात असा समज आहे, तो बराचसा चुकीचा आहे. बँक ज्याला उभे करत नाही त्याला त्या कर्जदार, निदान नियमित बचत करणारा म्हणून उभे करतात.

२०११ च्या जनगणनेत भिवंडी शहराची लोकसंख्या सात लाखांच्या घरात होती. त्यातला मोठा वर्ग खोलीचे डिपॉझिट भरून अकरा महिन्यांच्या करारावर राहतो, आणि पुष्कळदा तो करारही तोंडीच असतो. भाडे परवडेल अशी खोली बहुधा जुन्या, डागडुजी न झालेल्या इमारतीत मिळते. २१ सप्टेंबर २०२० च्या पहाटे पटेल कंपाउंडमधली जिलानी इमारत कोसळली आणि तीसहून अधिक माणसे झोपेतच गेली. स्वस्त घराची किंमत काय असू शकते, ते त्या पहाटे दिसले.

धर्मादाय घरबांधणीचा जगभर पसरलेला नमुना ‘हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी’चा. मिलर्ड आणि लिंडा फुलर या दांपत्याने १९७६ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात अमेरिकस या गावी ही संस्था काढली. भारतात ती १९८३ मध्ये खम्ममला आली. मूळ नियम दोन: नफा नाही, व्याज नाही. हिशेब करून पाहिला की फरक कळतो. तीन लाखांचे कर्ज वीस वर्षांत बिनव्याजी फेडायचे तर महिन्याला १,२५० रुपये पडतात. तेच नऊ टक्क्यांनी घेतले तर हप्ता २,७०० च्या आसपास जातो. परत आलेल्या हप्त्यांतून पुढच्या कुटुंबाचे घर उभे राहते. शिवाय घेणाऱ्याने अंगमेहनतीचा वाटा उचलायचा: विटा वाहायच्या, वाळू चाळायची, नव्या भिंतींवर सकाळ-संध्याकाळ पाणी मारायचे. २००६ मध्ये लोणावळ्याजवळ मळवली परिसरात अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर स्वतः थापी घेऊन उतरले आणि देशोदेशीच्या स्वयंसेवकांनी स्थानिक कुटुंबांबरोबर आठवड्याभरात शंभर घरे उभी केली. ब्रॅड पिटही तिथे होता, त्यामुळे छायाचित्रे भरपूर निघाली. एरवी हे काम इतके देखणे नसते; देणग्या, कंपन्यांचा सीएसआर निधी आणि सरकारी अनुदान यांची जुळवाजुळव करण्यात त्याचा बराच वेळ जातो.

मुंबईत याला वेगळा आकार आला. १९८४ मध्ये स्थापन झालेली ‘स्पार्क’ ही संस्था आणि भायखळ्याच्या फुटपाथवरच्या बायकांची ‘महिला मिलन’ यांनी सुरुवात केली ती घरापासून नव्हे, बचतीपासून. वस्तीतली एक बाई रोज दारोदार फिरून दोन-पाच रुपये जमा करी. रक्कम किरकोळच, खरी कमाई होती सवय आणि नोंदवही. पुढे त्याच बायकांनी आपल्या घराचा खऱ्या मापाचा नमुना उभा केला. मापे ठरवायला साडी वापरली. छत चौदा फूट उंच ठेवले, कारण आत पोटमाळा काढला की तेवढ्याच जागेत झोपायची सोय दुप्पट होते. पुण्यात येरवड्याला २००९ नंतर, जवाहरलाल नेहरू पुनर्निर्माण योजनेखाली, हीच पद्धत सरकारी पैशाला जोडली गेली. घर सुमारे २७० चौरस फुटांचे आणि जुन्या झोपडीच्याच जागी. खर्चाचा साधारण दहावा हिस्सा तेवढा कुटुंबाने भरायचा.

भिवंडीला सर्वांत जवळचा धडा मात्र सोलापूरचा आहे, आणि तो धर्मादाय संस्थेचा नाही, कामगारांच्या सहकारी सोसायटीचा आहे. कामगार नेते नरसय्या आडम मास्तरांच्या पुढाकाराने सोलापूरजवळच्या कुंभारीला गोदूताई परुळेकर यांच्या नावाची विडी कामगार महिलांची वसाहत झाली. दहा हजार घरे २००६ मध्ये ताब्यात दिली गेली. प्रत्येक घरामागे केंद्राचे वीस हजार, राज्याचे वीस हजार आणि कामगार बाईचे वीस हजार. त्यानंतरच्या रे नगर वसाहतीत तीस हजार घरांची योजना आली. पहिली पंधरा हजार १९ जानेवारी २०२४ रोजी दिली गेली. त्यात विडी कामगारांबरोबर यंत्रमाग कामगारही आहेत. सोलापूरच्या मागांवर पद्मशाली समाज जसा आहे, तसाच तो भिवंडीच्या पद्मानगरातही आहे. त्यामुळे ही तुलना ओढूनताणून आणलेली नाही.

मग भिवंडीत अडते कुठे? पहिली अडचण जमिनीची. सोलापूरला गावाबाहेरचा माळ मिळाला; भिवंडीभोवतीची शेते नाशिक महामार्गाच्या कडेने गोदामांखाली गेली, आणि गोदामवाल्याशी भावात टिकणे धर्मादाय संस्थेला झेपत नाही. उरलेल्या जागांचे सातबारे अनेकदा सामायिक असतात, बांधकामाला परवानगी नसते. प्रधानमंत्री आवास योजना २०१५ पासून आहे. पण ज्याच्या नावे जमीन आहे त्यालाच स्वतःचे घर बांधायला अनुदान मिळते. ज्याच्याकडे जमीन नाही त्याने कोणीतरी बांधलेल्या प्रकल्पाची वाट पाहायची. दुसरी अडचण माणसांची. उत्तर प्रदेश-बिहारहून एकटा आलेला विणकर गावी पैसे पाठवतो, बांधायचे घरही गावीच बांधतो. इथे त्याला दिवसपाळी-रात्रपाळीत वाटून घेतलेल्या खाटेऐवजी स्वतःची खाट, नळ आणि संडास हवा असतो. अशांसाठी केंद्राने २०२० मध्ये परवडणाऱ्या भाड्याच्या घरसंकुलांची वेगळी योजना आणली. मालकीचे घर हवे आहे ते इथेच बायकामुले घेऊन स्थिरावलेल्यांना, आणि त्यांच्यासाठी पहिली पायरी आजही तीच आहे: रोजच्या बचतीची वही.