एकच 'ने' : कुठे 'हो', कुठे 'नाही', कुठे पैशाचा हिशोब

आजचा भाग एका अक्षराचा आहे. हो, एकच अक्षर : 'ने'. तुम्ही बसमध्ये असाल, हेडफोन कानात असतील, तर हे अक्षर एकदा तोंडातल्या तोंडात म्हणून बघा. शेजारचा बघेल, बघू द्या.

आता सांगा, याचा अर्थ काय?

मराठी माणूस लगेच म्हणेल, "ने म्हणजे घेऊन जा." हा डबा ने, छत्री ने. हे नेणे आलं संस्कृतच्या 'नी' धातूवरून, आणि 'नेता' हा शब्दही त्याच धातूचा. नेता म्हणजे नेणारा. कुठे नेतो, तो विषय आज नको.

दुसरा 'ने' शब्दाला चिकटतो. शाळेत तृतीया विभक्ती घोकली होती ना, तीच. 'चाकूने कापलं', 'बसने आलो', 'रमेशने सांगितलं'. म्हणजे आपला 'ने' दोन कामं करतो. कशाने केलं तेही सांगतो आणि कुणी केलं तेही. हिंदीतला 'ने' मात्र फक्त दुसरं काम करतो. 'रमेश ने कहा' चालतं, पण बससाठी 'बस से' म्हणावं लागतं. मराठी माणूस हिंदी बोलताना 'बस ने आया' म्हणतो तेव्हा गडबड झालेली असते ती इथे.

इथपर्यंत सोपं आहे. आता शेजारी जाऊ, गुजरातीत. हे वाक्य नीट ऐका :

रमेशने पाचशे रुपये दिले.

मराठीत पैसे कुणाच्या खिशातून गेले? रमेशच्या. आता गुजराती वाक्य : 'रमेशने पांचसो रूपिया आप्या.' इथे पैसे रमेशला मिळाले! गुजरातीत 'ने' म्हणजे आपला 'ला'. देणारा रमेश असेल तर गुजराती माणूस 'रमेशे' म्हणतो. मुंबईत एका दुकानात मराठी आणि गुजराती बोलणारे दोघे एकच वही लिहीत असतील, तर या एका अक्षराने देणेकरी आणि घेणेकरी यांची अदलाबदल होऊ शकते. हरियाणवीत तर आणखी मजा. तिथे 'मन्नै' म्हणजे 'मी' (हिंदीतलं 'मैंने') सुद्धा आणि 'मला' सुद्धा. कोणता अर्थ घ्यायचा, ते पुढचं वाक्य सांगतं.

आता थोडं लांब जाऊ. ग्रीस.

ग्रीक भाषेत 'ने' म्हणजे हो. आणि 'ओही' म्हणजे नाही. आपल्या कानाला हे बरोबर उलटं वाटतं, कारण 'न' ऐकला की आपण नकार गृहीत धरतो. ५ जुलै २०१५ला ग्रीसमध्ये सार्वमत झालं. कर्ज देणाऱ्यांच्या अटी मान्य करायच्या का, हा प्रश्न होता आणि मतपत्रिकेवर दोनच पर्याय होते : 'ओही' आणि 'ने'. सुमारे ६१ टक्के लोकांनी 'ओही' निवडलं, म्हणजे अटी नाकारल्या.

ग्रीसची उत्तरेची सीमा ओलांडली की बल्गेरिया लागतो. तिथे 'ने' म्हणजे चक्क नाही. सीमेच्या अलीकडे हो, पलीकडे नाही. त्यात बल्गेरियात परंपरेने होकार देताना मान आडवी हलवतात आणि नकार देताना वरखाली. म्हणजे शब्द समजला नाही म्हणून हावभाव बघायला जावं, तर तिथेही घोळ.

के-ड्रामा बघणारे इतका वेळ वाट बघत असतील. कोरियनमध्ये 'ने' म्हणजे हो, तेही आदराने म्हटलेलं. काहींना ते 'दे' असं ऐकू येतं. तुमचे कान ठीक आहेत. कोरियन माणूस शब्दाच्या सुरुवातीचा 'न' उच्चारतो तेव्हा हवा नाकातून कमी जाते, म्हणून तो 'द'च्या जवळ वाटतो. आणि हा 'ने' दर वेळी "मला मान्य आहे" असं सांगत नाही. फोनवर आपण "हं, हं" करतो तसा तो कित्येकदा फक्त "ऐकतोय" एवढंच सांगतो. कुणी 'ने, ने' म्हणालं म्हणून सौदा पक्का झाला असं समजू नका.

जपानीत 'ने' वाक्याच्या शेवटी येतो. 'अत्सुई देसु ने' म्हणजे "गरम होतंय ना?" अगदी आपल्या 'ना'सारखं! ब्राझीलच्या पोर्तुगीजमध्येही वाक्याच्या शेवटी 'ने' येतो, तोही "हो ना?" याच अर्थाने. पण तो 'नाँव ए', म्हणजे 'नाही का', याचं आखूड रूप आहे.

आणि इथेच फॉरवर्ड सुरू होतात. "बघा, जपानी 'ने' आणि मराठी 'ना' एकच! म्हणजे जपानी आपल्याकडूनच निघाली!" मला असे मेसेज येतात, तुम्हालाही येत असतील. मग ओळखायचं कसं की नातं खरं आहे की योगायोग?

एक शब्द घेऊन ओळखता येत नाही, रांगच्या रांग लागते. बल्गेरियन 'ने', लॅटिन 'ने', संस्कृत 'न', फारसी 'न' हे सगळे नकाराचे शब्द खरोखर एकाच घरातले आहेत, आणि आपला 'नाही' त्याच घरातला. हे आपण का मानतो? कारण बाकीचे शब्दही ठरावीक पद्धतीने जुळतात. संस्कृतात जिथे 'प' आहे तिथे इंग्रजीत 'फ' येतो : पितृ-फादर, पाद-फुट, पञ्च-फाइव्ह. आकडे बघा : एक, दोन, तीन, रशियनमध्ये अदीन, द्वा, त्री. दोन आणि तीन लगेच ओळखू येतात. जपानीत मात्र इची, नी, सान. तिथे रांगच लागत नाही.

मग इतकं साम्य का? साधा हिशोब आहे. जगात सुमारे सात हजार भाषा आहेत आणि तोंडातून निघणारे सोपे आवाज मोजकेच. 'न' आणि 'ए' बहुतेक भाषांमध्ये सापडतात. एका अक्षराचे शब्द एकमेकांवर आदळणारच. यातलं प्रसिद्ध उदाहरण ऑस्ट्रेलियातल्या म्बाबारम या आदिवासी भाषेचं आहे. त्या भाषेत कुत्र्याला 'डॉग' म्हणत. इंग्रजीवरून उचललेला शब्द नाही हा. त्यांच्याच जुन्या, लांब शब्दाचे आवाज गळत गळत तो तिथवर आला. निव्वळ योगायोग.

म्हणून पुढच्या वेळी असा फॉरवर्ड आला की तीन गोष्टी विचारा. एक, शब्द किती लांब आहे? एका अक्षरावर विसंबू नका. दोन, सोबत आणखी वीस शब्द जुळतात का? तीन, तो शब्द शेजाऱ्याकडून उसना तर घेतलेला नाही? तिन्हींची उत्तरं नसतील तर तो मेसेज पुढे पाठवू नका. आपली भाषा मोठी ठरवायला दुसऱ्याची भाषा आपल्या नावावर करायची गरज नाही ना?

तुमच्या घरात, गावात, किंवा तुम्ही शिकताय त्या भाषेत असा एखादा छोटा शब्द असेल, जो शेजारच्या भाषेत भलताच अर्थ देतो, तर मला आवाजात रेकॉर्ड करून पाठवा. लिहून नको, कारण उच्चार ऐकल्याशिवाय यातलं काही कळत नाही. त्यातले निवडक आपण पुढच्या भागात ऐकू. भेटूया!