कडेवरचे प्रवासी

मुंबई-अहमदाबाद महामार्ग चारोटी नाक्यावर सोडून जव्हारच्या दिशेने थोडे आत शिरले, की सूर्या नदीच्या परिसरात कासा लागते. पोलीस ठाणे, उपजिल्हा रुग्णालय आणि बाजारपेठ येथे असल्यामुळे डहाणू तालुक्याच्या पूर्वभागातील पाड्यांचा बहुतेक व्यवहार याच गावाशी बांधलेला आहे. पाड्यावरून पायवाटेने उतरणारी माणसे, थांबत थांबत डहाणूकडे जाणारी एस.टी. आणि महामार्गावरून क्षणात दृष्टीआड होणारी मोटार अशा तीन निरनिराळ्या गती येथे कोस-दीड कोसाच्या टापूत अनुभवास येतात. तान्ह्या आणि अजाण मुलांना घेऊन प्रवास सुखाचा कसा करावा, या प्रश्नाचे उत्तर गतीगणिक बदलते. आणि एका गतीला साजेसा बंदोबस्त दुसरीच्या माथी मारला तर तो कधी हास्यास्पद, तर कधी प्राणघातक ठरतो, असे माझे मत येथील जाण्या-येण्यात बनले.

एका वारली कुटुंबाची रवानगी मी आदल्या संध्याकाळपासून पाहिली. मुलाचा बाप विरारला कामाला. त्याच्याकडे सून, सासू, पाच वर्षांच्या उंबरठ्यावरचा एक मुलगा आणि वर्षभराची एक मुलगी अशी चौघे निघायची होती. तयारीचा सर्व कारभार आजीच्या हाती होता, आणि त्या कारभाराचे पहिले सूत्र असे, की ओझे वाढवायचे नाही. शहरातल्या सुशिक्षित घरात मूल प्रवासाला निघाले म्हणजे जो सरंजाम गोळा होतो, त्यात मुलापेक्षा सामानालाच अधिक सांभाळावे लागते. येथे जुन्या लुगड्याचे दोन धुवट तुकडे हाच मुख्य सरंजाम. एकाची झोळी खांद्यावरून येणार. दुसरा प्रसंगानुसार अंथरूण, पांघरूण, उन्हाचा आडोसा, दूध पाजतानाचा पडदा आणि अखेरीस पुसायचे फडके अशी सर्व पदे भूषविणार. नागलीची भाकरी, घट्टसर शिजवलेला भात, उकळून गार केलेले पाणी आणि मुलीसाठी दोन जादा लंगोट, एवढ्यावर गाठोडे बांधले गेले. मात्र लसीकरणाच्या नोंदी असलेले माता-बाल कार्ड तिने प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून स्वतःच्या कमरेला खोचले. परक्या गावी मूल तापाने फणफणले, तर दवाखान्यात प्रथम विचारला जाणारा दस्तऐवज तोच, हे तिला पक्के ठाऊक होते.

निघण्याची वेळ ठरविण्याची तिची रीत मला विशेष वाटली. सकाळची पहिली गाडी तिने विचारातच घेतली नाही. मुले आपल्या वेळेला उठली, त्यांचे शौचमुखमार्जन झाले, थोडी पेज पोटात गेली, आणि मगच मंडळी पायवाटेला लागली. चालण्याच्या हेलकाव्याने झोळीतली मुलगी नाक्यावर पोहोचेपर्यंत पेंगू लागावी आणि बसमध्ये गाढ झोपावी, असा त्यामागचा हिशेब. रहदारी टाळण्याच्या हव्यासाने पहाटे चार वाजता मुलांना अर्धवट झोपेतून उचलून गाडीत कोंबणारे आणि मग दिवसभर ती किरकिर का करतात याचे नवल करणारे सुज्ञ आईबाप मी पुष्कळ पाहिले आहेत. वेळापत्रक मुलाच्या निद्रेला जुळवून घेते की निद्रा वेळापत्रकाला, यावरच अर्ध्या प्रवासाचे भवितव्य ठरून जाते.

पायी चालण्याच्या गतीत आईच्या अंगाइतके सुखाचे दुसरे वाहन नाही. मूल कडेला बिलगलेले, त्याचा भार कापडामुळे खांद्यावर आणि कमरेवर विभागलेला, तोंड व नाक उघडे, हनुवटी छातीवर न टेकलेली; आणि आईचा एक हात मोठ्याचे बोट धरायला मोकळा. या मुलुखाची देवीसुद्धा अशा ओझ्याची कदर करणारी आहे. विवळवेढ्याच्या महालक्ष्मीचे मूळ ठाणे मुसळ्या डोंगरावर. तो चढताना एक गर्भवती भक्त मूर्च्छित होऊन पडली, तेव्हा देवीच पायथ्याशी उतरली, अशी कथा लोक सांगतात. चैत्र पौर्णिमेला तेथे भरणाऱ्या यात्रेत लेकुरवाळ्या बायांची जी रीघ लागते, तिला पायथ्याचे दर्शन केवढे सोयीचे पडते हे पाहिले म्हणजे कथेचे मर्म वेगळे सांगावे लागत नाही.

बसमध्ये आजीने मागची रिकामी बाकडी सोडून मधली जागा धरली. चाकांच्या मागचा भाग अधिक उसळतो आणि उसळीने मूल ओकते, हे तिचे अनुभवसिद्ध ज्ञान; वैद्यकशास्त्र त्याची उपपत्ती अशी देते, की अंतःकर्णातील तोल सांभाळणारे इंद्रिय गतीची वर्दी देते आणि डोळ्यांना मात्र समोरची स्थिर बाकडी दिसतात, या विसंवादातून मळमळ उपजते. दोन वर्षांखालील मुलांना हा त्रास सहसा होत नाही. त्यानंतर सुमारे बारा वर्षांपर्यंत तो अधिक. म्हणून मुलगी निर्धास्त झोपली, आणि मुलाला खिडकीशी बसवून दूरचा डोंगर दाखविण्यात आला. त्याच्या हाती मोबाइल देणे हा सध्याचा सर्वमान्य शिरस्ता आहे. परंतु वळणांच्या रस्त्यावर डोळे जवळच्या पडद्यावर खिळवणे म्हणजे ओकारीला निमंत्रण धाडणे होय.

एस.टी.त पाच वर्षांखालील मुलाला तिकीट नाही, पाच ते बारापर्यंत अर्धे. आणि १७ मार्च २०२३ पासून बायकांनाही सरसकट अर्ध्या भाड्याची सवलत आहे. वाहकाने मुलाकडे पाहून वय विचारले. आजी म्हणाली, “महालक्ष्मीच्या जत्रेला पाच सरतील.”

“आजी, गेल्या जत्रेला का येत्या?”

“येत्या रं,” आजी खिडकीबाहेर पाहत म्हणाली. वाहकाने मुलाच्या उंचीवर एकवार नजर टाकली आणि पुढच्या बाकाकडे वळला.

मुलगा कंटाळला तेव्हा आजीने कनवटीच्या चिंचोक्यांतून मूठभर काढून त्याच्या ओंजळीत टाकले: मोज, जोड्या लाव, कोणत्या मुठीत किती ते ओळख. बालशिक्षणाचा येथील इतिहास ठाऊक असणाऱ्याला या चिंचोक्यांचे अगत्य वाटेल. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी याच तालुक्यात, १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बालशिक्षणाचे कार्य आरंभिले आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. मुले बालवाडीपर्यंत येत नाहीत असे दिसताच त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. गुरे राखणाऱ्यांसाठी कुरणशाळा काढली. आणि महागड्या साधनांच्या जागी बिया, शिंपले, पाने, खडे यांना साधनांचा दर्जा दिला. मुलाला आपल्या सोयीच्या जागी ओढून आणण्याऐवजी आपण त्याच्या जागी जावे, हा विचार प्रवासात विसरला जातो. मूल आसनावर स्वस्थ बसत नाही म्हणून आपण रागावतो. तासभर स्वस्थ बसणे हे त्याच्या वयाच्या देहधर्मातच नाही.

येथवर आजीची विद्या मला निरपवाद वाटली. महामार्गावर मात्र तिचा अंमल संपतो, आणि हे स्पष्ट सांगणे अवश्य आहे, कारण आईच्या मांडीसारखी सुरक्षित जागा नाही ही समजूत मोटारी बाळगणाऱ्या शहरी कुटुंबांतही तितकीच दृढ आहे. ताशी पन्नास किलोमीटरने धावणारी गाडी एकाएकी आदळली, तर दहा किलोचे मूल त्या निमिषात दोन-तीनशे किलोच्या जोराने पुढे फेकले जाते. जगातील कोणत्याही आईचे बाहू ते थोपवू शकत नाहीत. ४ सप्टेंबर २०२२ रोजी चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री दगावले. मागच्या आसनावरील ते आणि त्यांचे सहप्रवासी या दोघांनीही पट्टा लावला नव्हता, असे पोलिसांनी सांगितले. पुढे बसलेली दोघे जखमी होऊनही वाचली. धिप्पाड गाडीत प्रौढांची ही गत, तर मांडीवरच्या अर्भकाची काय कथा! मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनुसार चौदा वर्षांखालील मुलाला पट्ट्याने किंवा बालआसनाने बांधले नसेल, तर एक हजार रुपये दंडाची तरतूद आहे. कायदा आहे, पण नाक्यावर उभे राहून पाहिले तर मांडीवरची मुले काही कमी झालेली नाहीत.

बालआसनात बांधलेले मूल रडते, ही तक्रार खरी. त्यावर उपाय त्याला सोडवून कडेवर घेणे हा नव्हे, तर गाडी उभी करणे हा आहे. तान्ह्या मुलाला एका स्थितीत दोन तासांहून अधिक ठेवू नये. तेव्हा मुंबईहून निघालेल्याने चारोटीपर्यंत निदान एकदा थांबावे, मुलाला जमिनीवर सोडावे, पाजावे, हातपाय झाडू द्यावेत. अर्ध्या तासाच्या विलंबाने कोणाचे राज्य बुडत नाही. ज्यांच्याजवळ गाडी थांबवण्याची मुखत्यारी आहे त्यांनी ती वापरू नये, याचे मला अधिक वैषम्य वाटते. कारण दिवाळीनंतर भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जाणारी कुटुंबे टेम्पोत भांडी, सरपण आणि कोंबड्या यांच्यावर पोरांना बसवून याच रस्त्याने जातात, आणि त्यांना टेम्पो कोठे थांबावा हे विचारायला कोणी येत नाही.

डहाणू रोडला आमची मंडळी उतरली तेव्हा विरारकडची गाडी फलाटाला लागायची होती. २०१३ पासून मुंबईच्या उपनगरी गाड्या येथवर येऊ लागल्या. आरंभाचे स्थानक असल्याने गाडी येथे निवांत भरते, आणि लेकुरवाळीला हा मोठाच दिलासा. पुढे वाणगाव, बोईसर, पालघर करीत जाताना गाडी क्षणभरच टेकते. आजीने चढण्याचा क्रम आधीच लावून ठेवला होता. प्रथम ती स्वतः चढेल आणि जागा धरेल, मग गाठोडे, मग मोठा मुलगा तिच्या हाती दिला जाईल, आणि झोळीतल्या मुलीसह सून शेवटी. मूल एकटे डब्यात नको आणि एकटे फलाटावरही नको, म्हणून दोन्हीकडे एकेक जाणते माणूस. विरारला उतरताना सून मुलीसह आधी, मग मुलगा, मग गाठोडे, आणि आजी शेवटी. तेही तिने सुनेकडून दोनदा वदवून घेतले, कारण तेथे गर्दी चढायला धावते तेव्हा सांगायला सवड मिळत नाही.

गाडी आली. मुलगी जागी झाली आणि रडू लागली. “रडूं दे,” आजी म्हणाली, “आदी चढ.”