अंगभर पुरळ: आधी काय आलं?

अंगभर पुरळ उठलं की घरचे विचारतात, "कसली अ‍ॅलर्जी असेल?" डॉक्टरांचा पहिला प्रश्न वेगळा असतो: ताप आहे का, आणि आधी काय आलं, ताप की पुरळ? गोवरात ताप, खोकला, लाल डोळे आधी येतात. तीन-चार दिवसांनी कानामागून, चेहऱ्यावरून पुरळ खाली उतरतं. गालाच्या आतले पांढुरके ठिपके त्याहूनही आधी दिसतात. न्यूयॉर्कच्या हेन्री कॉप्लिक यांनी १८९६ मध्ये त्यांचं वर्णन केलं. टॉर्च लावून तोंडात डोकावायला आजही खर्च शून्य. अंगावर पित्त उठलं असेल, तर एकेक गांध २४ तासांत विरते, दुसरीकडे नवी उठते. खाज रात्री वाढते आणि घरात आणखी कोणी खाजवतंय? मग बोटांच्या बेचक्या पाहायच्या, बहुधा खरूज. दाबूनही लाली जात नसेल, तर त्वचेत रक्त उतरलंय. डेंग्यूच्या दिवसांत तर लगेच रक्त तपासावं. औषधाचं पुरळ अनेकदा आठवड्या-दोन आठवड्यांनी येतं, म्हणून फक्त कालची गोळी आठवून भागत नाही. डोळे-तोंड सोलवटलं, त्वचा दुखू लागली, तर थेट रुग्णालय गाठा. आणि दुकानातून आणलेलं स्टेरॉइडचं मलम कृपा करून आधीच चोपडू नका. त्याने नायट्याचं रूपच पालटतं.