माजी सैनिकांच्या पायांचे दुखणे व दूरध्वनीच्या साह्याने चालण्याचा व्यायाम



कोजागरी पौर्णिमेस तुळजापूरला पायी जाण्याची प्रथा सोलापूर जिल्ह्याप्रमाणेच आपल्या सीमाभागातही पूर्वापार चालत आलेली आहे. बसवकल्याण परिसरातून निघणाऱ्या पदयात्रींमध्ये निवृत्त सैनिक नेहमी पुढे असत. अलीकडे त्यांपैकी काही मंडळी येईनाशी झाली आहेत. विचारले असता "वय झाले, गुडघे गेले" एवढेच उत्तर मिळते. मात्र खोलात जाऊन चौकशी केल्यास काहींचे दुखणे गुडघ्यात नसून पोटरीत असल्याचे आढळते. दोन-तीनशे पावले चालल्यावर पोटरी आवळल्यासारखी होते, नुसते उभे राहिले तरी काही मिनिटांत दुखणे ओसरते आणि पुन्हा तेवढेच अंतर चालल्यावर परत सुरू होते. ही खूण ज्यांना ओळखीची वाटेल, त्यांच्यासाठी व त्यांच्या घरच्यांसाठी प्रस्तुत लेख आहे.

पायाकडे रक्त नेणाऱ्या धमन्यांच्या आतील बाजूस चरबीयुक्त थर साचून त्या अरुंद होतात. बसलेल्या माणसाच्या स्नायूंना थोडे रक्त पुरते. चालू लागताच मागणी कैक पटींनी वाढते व पुरवठा अपुरा पडतो. तीच ही वेदना. कण्यातील नस दबल्यामुळेही पाय दुखतात. परंतु त्या वेळी बहुधा खाली बसल्यावर वा पुढे वाकल्यावर आराम पडतो. निदानाची पद्धत सोपी आहे. घोट्याजवळील व दंडावरील रक्तदाब मोजून त्यांचे गुणोत्तर काढतात. ते ०.९० अथवा त्याहून कमी आल्यास धमनीचा विकार समजावा. ज्याच्या पायाची धमनी अरुंद, त्याच्या हृदयाच्या व मेंदूच्या धमन्याही बहुधा निरोगी नसतात, हे घरच्यांनी विशेष ध्यानात घ्यावे. मधुमेह, रक्तदाब व तंबाखू ही या विकाराची प्रमुख कारणे होत. सैन्यात असताना जडलेली विडी-सिगारेट पेन्शन सुरू झाल्यावरही सुटत नाही, हे आपण पाहतोच.

दुखते म्हणून बसून राहावे, हा आपला स्वाभाविक समज. पण येथे तो घातक ठरतो. डेन्मार्कमधील लार्सन व लासेन यांनी १९६६ साली केलेल्या प्रयोगात नियमित चालण्याने अशा रुग्णांचे चालण्याचे अंतर वाढते, असे दिसून आले. व्यायामाने धमनीतील थर नाहीसा होत नाही. मिळेल तेवढ्या रक्तातील प्राणवायू अधिक चांगल्या रीतीने वापरण्यास स्नायू शिकतो. अमेरिकेत २०१७ पासून ज्येष्ठांच्या सरकारी विमा योजनेतून रुग्णालयात देखरेखीखाली १२ आठवड्यांत ३६ वेळा असा व्यायाम करण्याचा खर्च मिळू लागला. परंतु आपल्या तालुक्यातील खेड्यातील वृद्धाने त्यासाठी आठवड्यातून तीनदा बिदरला किंवा कलबुर्गीला जावे, हे कसे घडावे?

म्हणून दूरस्थ पद्धतीचे महत्त्व. अमेरिकेतील चार केंद्रांत ३०५ रुग्णांवर झालेल्या व २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रुग्ण आपापल्या घराजवळ चालत आणि मार्गदर्शक त्यांना दूरध्वनी करीत. एका गटाला वेदना होणार नाही अशा बेताने, तर दुसऱ्याला वेदना होईपर्यंत चालण्यास सांगितले होते. वर्षाअखेर वेदना सोसून चालणाऱ्यांचे सहा मिनिटांत कापलेले सरासरी अंतर सुमारे ३३८ मीटरवरून ३७१ मीटरवर गेले. बेताने चालणाऱ्यांना काहीही लाभ झाला नाही. आमच्या मते साऱ्या विषयाचे मर्म येथेच आहे. चार पावले फिरून येणे पुरेसे नाही. पोटरी बऱ्यापैकी दुखेपर्यंत चालावे, दुखणे पूर्ण थांबेपर्यंत उभे राहावे, पुन्हा चालावे. आठवड्यातून किमान तीन दिवस, विश्रांती धरून ३० ते ५० मिनिटे, असे निदान १२ आठवडे. फळ दिसण्यास वेळ लागतो आणि बहुतेक जण पहिल्या महिन्यातच कंटाळतात. फोनची गरज आहे ती त्यासाठी.

अमेरिकेत निवृत्त सैनिकांसाठी डरहॅम येथे १९८६ साली 'जेरोफिट' हा ज्येष्ठांचा व्यायामवर्ग सुरू झाला. २०२० च्या साथीत तो व्हिडिओद्वारे घरोघरी पोहोचला. आपल्याकडे माजी सैनिकांची ईसीएचएस ही आरोग्य योजना २००३ मध्ये आली आणि २०२१ मध्ये संरक्षण मंत्रालयाने 'सेहत' ही दूरस्थ वैद्यकीय सल्ल्याची सेवा सुरू केली. तेथे डॉक्टरांचा सल्ला मिळतो, दर आठवड्याला "किती चाललात?" असे विचारणारे माणूस मात्र आपणच शोधले पाहिजे. पुण्या-हैदराबादेत नोकरी करणारा मुलगा किंवा नात हे काम उत्तम करू शकेल. एकाच पलटणीतील दोन जुन्या सोबत्यांनी एकमेकांस फोन केल्यास अधिकच चांगले, कारण सैनिक सोबत्यापुढे सबबी सांगत नाही.

प्रारंभ करण्यापूर्वी डॉक्टरांची तपासणी आवश्यक आहे. चालताना छातीत दुखणे वा धाप लागणे, रात्री झोपेतही पाय ठणकणे, बोट काळे पडणे अथवा जखम भरून न येणे, यांपैकी काहीही असल्यास हा व्यायाम करू नये. विनाविलंब रुग्णालय गाठावे. पाय एकाएकी थंड व पांढरा पडल्यास तासाचाही उशीर करू नये.

आणखी एक गोष्ट मंदिराशी संबंधित आहे. काही वृद्ध भाविक चालण्याचा व्यायाम म्हणून प्राकारात अनवाणी प्रदक्षिणा घालतात. रक्तप्रवाह मंद असलेल्या, विशेषतः मधुमेही पायाला तापलेल्या फरशीचा चटका कळत नाही. लहानसा फोडही पाय गमावण्यास कारण होऊ शकतो. अनवाणी पदयात्रेचा नवस बोललेल्यांनीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय निघू नये. पादत्राणे घालून आलेल्या भक्तावर देवी रुष्ट होते, असे आम्हांस वाटत नाही. प्राकारात पादत्राणांस अनुमती देता येत नसल्यामुळे आवाराच्या भिंतीबाहेरील रस्ता पहाटे ५.३० ते ७.३० या वेळेत चालणाऱ्यांसाठी मोकळा ठेवण्यात येत आहे. त्या वेळेत तेथे वाहने उभी करू नयेत. उभे राहून विसावा घेणाऱ्यांसाठी काही अंतरावर कठडे बसविण्यात येतील. बरोबर पाणी, मोजे व बंद बूट असावेत. परतल्यावर दोन्ही तळपाय घरच्यांकडून पाहून घ्यावेत.

विश्वस्त मंडळाच्या वतीने,
सचिव